पत्त्याच्या टेबलावरची नजर टेबलावरच राहू द्या

'मी माणसाचा चेहरा बघूनच सांगतो, खरं बोलतोय की खोटं.' हे वाक्य आपण किती जणांच्या तोंडून ऐकले असेल, मोजता येणार नाही. हवालदार हे म्हणतो, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांतली आत्या म्हणते, मशिदीच्या पायरीवर बसलेले चाचा म्हणतात आणि आम्ही शिक्षक तर रोज म्हणतो. मला या वाक्याविषयी लिहायचे आहे. त्यासाठी सुरुवात करणार आहे पोकरपासून, कारण चेहरा वाचण्याची विद्या जिथे पैसे लावून तपासली जाते अशी ती जागा आहे. बाकी ठिकाणी आपण नुसते म्हणतो. तिथे चुकले की खिसा रिकामा होतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी पत्ते खेळत नाही. कुरआनने जुगाराला, म्हणजे 'मैसिर'ला, दारूच्या पंगतीत बसवले आहे आणि त्या बाबतीत माझ्या मनात कसलीही पळवाट नाही. पण कागलला राहून पत्त्यांची माहितीच नाही असे कोण म्हणेल? तीन पानी जुगारावर छापा पडल्याची बातमी जिल्ह्याच्या पानावर वरचेवर येते. गोव्यात मांडवीच्या पात्रातले कॅसिनो इथून काही तासांवर आहेत. फाइव्ह स्टार एमआयडीसीत कामाला असलेला माझा एक जुना विद्यार्थी मोबाइलवर पोकरचे व्हिडिओ बघतो. त्यानेच मला सांगितले, 'सर, यात नशीब कमी, समोरच्याला वाचणं जास्त.' त्याच्या त्या वाक्यामुळे मी या विषयात शिरलो.

पोकरच्या सर्वांत प्रचलित प्रकारात प्रत्येकाला दोन पाने मिळतात. ती त्यालाच दिसतात. मग टप्प्याटप्प्याने मधे पाच पाने उघडी पडतात, ती सगळ्यांची. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे, नाहीतर पाने टाकून बाहेर पडायचे. हातात काही नसताना मोठी रक्कम लावून समोरच्याला पळवून लावले तर त्याला 'ब्लफ' म्हणतात. आपल्याकडच्या तीन पत्तीत 'ब्लाइंड' खेळणारा जो दरारा निर्माण करतो, त्याच जातीची ही गोष्ट. तेव्हा प्रश्न एकच उरतो. समोरच्याने पैसे लावले आहेत, ते हातात पाने आहेत म्हणून की नाहीत म्हणून? याचे उत्तर त्याच्या अंगावर शोधायचे. हाताची थरथर, श्वास, गिळलेला आवंढा, चिप्सवर पटकन पडलेली नजर. अशा खुणेला तिथे 'टेल' म्हणतात. मी तिला चुगली म्हणेन, कारण शरीर मालकाची चुगली करते असा तो समज आहे.

१९८४ मध्ये माइक कॅरो या अमेरिकन खेळाडूचे अशा खुणांवरचे पुस्तक आले आणि ते पोकरवाल्यांचे पाठ्यपुस्तक झाले. त्याचा मुख्य नियम असा, की नाटक करणारा माणूस उलटे नाटक करतो. हात भारी असला की खांदे पाडतो, उसासा टाकतो, दुसरीकडे बघतो. हात फुसका असला की रोखून बघतो, चिप्स जोरात आपटतो. आणखी एक गोष्ट तो सांगतो, ती मला फार महत्त्वाची वाटली. पैसे लावताना एखाद्याचे हात अचानक थरथरू लागले तर नवखा म्हणतो, घाबरला, म्हणजे ब्लफ आहे. पण बहुतेक वेळा ती थरथर भारी पाने हाती आल्याची असते. म्हणजे जी खूण आपण भीतीची समजतो ती आनंदाची निघते. खूण दिसली, ती खरीही होती, पण अर्थ नेमका उलटा.

हा खेळ आपल्या मातीला परका नाही. जनावरांच्या बाजारात हेडी आणि दलाल हात रुमालाखाली घेऊन बोटे दाबून सौदा करतात, ते कशासाठी? आकडा शेजारच्याला कळू नये म्हणून. तोंडाने म्हणायचे 'परवडत नाही बघा', आणि रुमालाखाली बोट वाढवायचे. पोकरच्या टेबलावरचा काळा गॉगल आणि कपाळावर ओढलेली टोपी म्हणजे तोच रुमाल. ज्यांचा धंदाच समोरच्याला वाचण्याचा आहे, ते आधी स्वतःला झाकून घेतात.

आता चेहरा वाचून खरेच किती कळते ते बघू. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातील मायकेल स्लेपियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. २००९ च्या पोकर विश्वस्पर्धेतले, व्यावसायिक खेळाडू पैसे लावतानाचे तुकडे घेतले, आवाज काढून टाकला आणि विद्यार्थ्यांना दाखवले. सांगा, याची पाने किती चांगली आहेत? काहींना कंबरेपासून वरचा पूर्ण खेळाडू दाखवला, काहींना फक्त चेहरा आणि काहींना फक्त हात. पूर्ण खेळाडू बघणाऱ्यांचा अंदाज नाणे उडवल्यासारखा निघाला. फक्त हात बघणाऱ्यांचा नाण्यापेक्षा बरा निघाला, कारण भरवशाची पाने असलेल्याचा हात सफाईने पुढे सरकतो. आणि फक्त चेहरा बघणाऱ्यांचा? तो नाण्यापेक्षाही वाईट निघाला. डोळे बांधून सांगितले असते तर जास्त बरोबर आले असते. ज्या चेहऱ्यावर आपण सगळी भिस्त ठेवतो, त्याच्यावर तर मालकाचा सगळ्यात जास्त ताबा असतो.

मग पोकर खेळणारे खुणा बघतात ते वेडे आहेत का? नाहीत. इथेच माझा मुद्दा सुरू होतो. समजा, मधे दोन हजार रुपये आहेत आणि समोरच्याने एक हजार लावले. आता तुम्हाला एक हजार घालून तीन हजार जिंकायचे आहेत. म्हणजे चार वेळांपैकी एकदा जरी तो ब्लफ करत असेल, तरी तुमची बरोबरी होते. तुमचा आधीचा अंदाज शंभरात चोवीस असेल आणि एका खुणेने तो अठ्ठावीस झाला, तर पाने टाकण्याऐवजी पैसे लावणे शहाणपणाचे ठरते. चारच टक्क्यांची झुळूक. पण असा निर्णय खेळाडू हजारो वेळा घेतो. हजारात सातशे वेळा चुकला तरी शेवटी हिशेब जुळतो. त्यातही तो त्याच माणसाला तासन्‌तास बघत असतो, त्याची नेहमीची बसण्याची पद्धत जाणतो आणि शेवटी पाने उघडली की आपला अंदाज चुकला की बरोबर हे लगेच कळते. चुकीची शिक्षा त्याच्याच खिशाला होते.

या चार अटी पुन्हा मोजा. पुष्कळ वेळा खेळणे, माणूस ओळखीचा असणे, उत्तर लगेच कळणे आणि चुकीची किंमत स्वतः भरणे. यातली एकही अट वर्गात, नाक्यावर, चौकीत किंवा मुलगी बघायच्या कार्यक्रमात पुरी होत नाही. तिथे वाचणारा एकदाच बघतो, अनोळखी माणसाला बघतो, आपण चुकलो हे त्याला कधीच कळत नाही आणि किंमत दुसराच भरतो.

हिशेबच मांडायचा तर वर्गाचा मांडू. २००६ मध्ये चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी खोटे ओळखण्यावरच्या शेकडो प्रयोगांचा गोषवारा काढला. चोवीस हजारांहून अधिक लोकांचे अंदाज त्यात होते. माणसे सरासरी शंभरात चौपन्न वेळा बरोबर ठरली. फोड केली तर खोट्याला खोटे म्हणणे शंभरात सत्तेचाळीस वेळाच जमले आणि खऱ्याला खरे म्हणणे एकसष्ट वेळा. आता माझ्या चाळीस मुलांच्या वर्गात एकाने दप्तरातून पैसे काढले आहेत असे धरा. मी प्रत्येकाला उभे करून 'तू घेतलेस का?' विचारतो आणि चेहरा वाचतो. एकोणचाळीस निरपराध मुलांपैकी सुमारे पंधरा जणांवर मी खोटेपणाचा शिक्का मारीन. आणि खरा चोर? तो सुटण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. पोकरमध्ये ज्या अचूकतेवर माणूस पैसे कमवील, त्याच अचूकतेवर मी पंधरा पोरांना बदनाम करीन आणि सोळाव्याला शाबासकी देईन.

परीक्षा केंद्रावर हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. भरारी पथक आले की साऱ्या वर्गातून नेमका घाम फुटलेला मुलगा उचलला जातो. एका केंद्रावर असाच एक मुलगा उठवला, बूट काढायला लावले, खिसे उलटे केले. काही निघाले नाही. पण त्याची वीस मिनिटे गेली आणि पुढचा पेपर त्याने थरथरत्या हाताने लिहिला. ज्याला कॉपी करायची सवय असते त्याला पथकाची भीती वाटत नाही, त्याचा सराव असतो. घाम अभ्यास करून आलेल्याला फुटतो, कारण गमवायला त्याच्याकडे काहीतरी असते.

या चुकीला मानसशास्त्रात नाव आहे. पॉल एकमन या संशोधकाने तिला 'ऑथेल्लोची चूक' म्हटले. हे नाटक मराठी रंगभूमीला जुने ओळखीचे आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये त्याचे 'झुंझारराव' केले होते. ऑथेल्लो बायकोवर संशय घेतो. ती घाबरते. तिची भीती खरी असते, पण ती पाप उघडे पडण्याची नसते. नवऱ्याचा आपल्यावर विश्वास उरलेला नाही आणि निर्दोषपणा सिद्ध करण्याचा मार्ग बंद झाला आहे, याची ती भीती असते. त्याने ती गुन्ह्याची खूण समजली आणि पुढे जे झाले ते झाले. भीती दिसते. भीतीचे कारण दिसत नाही.

आमच्या वाचकांना हे समजावून सांगायची गरज नाही. इथून कर्नाटकाची हद्द जवळ आहे. नाकाबंदीत माझा भाचा मोटारसायकलवर थांबवला गेला. लायसन्स होते, कागद होते, हेल्मेट होते. दाढीही होती. 'घाबरतोस कशाला?' असा प्रश्न आला. आता या प्रश्नाला उत्तर काय द्यायचे? ज्याच्यावर लोक नेहमी संशय घेतात, तो संशयानेच घाबरतो. घाबरला की संशय पक्का होतो. हे चक्र फक्त मुसलमान तरुणाच्या वाट्याला येते असे मी म्हणत नाही. पारधी वस्तीतल्या माणसाला विचारा. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण बघणाऱ्याच्या डोळ्यातून अजून गेलेला नाही. दुबळ्याच्या चेहऱ्यावर भीती जास्त असते, म्हणून चेहरा वाचणारी कोणतीही पद्धत दुबळ्यावरच जास्त घसरते.

खुणांची भाषा घराघरात वेगळी असते, हेही लक्षात घ्या. आमच्या उर्दू वर्गातल्या मुलामुलींना घरातून शिकवण असते, की थोरांशी बोलताना नजर खाली ठेवायची. तो अदब आहे. नव्याने बदली होऊन आलेल्या शिक्षकाला वाटते, 'डोळ्याला डोळा देत नाही, म्हणजे काहीतरी लपवतेय.' पोर शिकवल्याप्रमाणे वागली आणि गुन्हेगार ठरली.

सरकारेही या मोहात पडली आहेत. अमेरिकेने विमानतळांवर प्रवाशांच्या हावभावांवरून धोकादायक माणूस ओळखण्याची योजना चालवली. २००७ पासून तिच्यावर सुमारे नव्वद कोटी डॉलर खर्च झाले. २०१३ मध्ये त्यांच्याच लेखापरीक्षण संस्थेने अहवाल दिला, की हावभावांवरून फसवणूक ओळखण्याची माणसाची क्षमता नाणेफेकीइतकी किंवा तिच्याहून किंचित बरी आहे, तेव्हा या योजनेचा पैसा आवरता घ्या. आपल्याकडे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सांगितले, की संमतीशिवाय कुणाचीही नार्को, ब्रेन मॅपिंग किंवा पॉलिग्राफ चाचणी करता येणार नाही. पॉलिग्राफ म्हणजे तरी काय? नाडी, रक्तदाब, श्वास आणि घाम मोजणारे यंत्र. पोकरवाला डोळ्याने जे बघतो तेच हे यंत्र तारा लावून बघते. भीती ते बरोबर मोजते, पण ती भीती चोराची की निरपराधाची, हे त्यालाही कळत नाही.

आता दीनच्या बाजूने बोलतो, कारण आपल्यातलेही काही जण 'फिरासत'चा दाखला देतात. मोमिनाच्या अंतर्दृष्टीबद्दलची एक रिवायत प्रसिद्ध आहे. तिच्या सनदीबद्दल मुहद्दिसांमध्ये मतभेद आहेत, पण फिरासत ही गोष्टच नाही असे मी म्हणणार नाही. इमाम फखरुद्दीन राझींनी या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. शिवाय बुखारी शरीफमध्ये एक सुंदर प्रसंग आहे. हजरत जैद आणि त्यांचा मुलगा हजरत उसामा चादरीखाली झोपले होते. डोकी झाकलेली, पाय उघडे. बापाचा रंग गोरा, मुलाचा काळा, म्हणून लोक नसते बोलत. मुदलिज कबिल्याचा एक जाणकार तिथून गेला आणि फक्त पाय बघून म्हणाला, की हे पाय एकमेकांचेच आहेत. प्रेषितांना (स.) याचा फार आनंद झाला. गंमत अशी, की एफबीआयमधून निवृत्त झालेला जो नव्हारो पोकर खेळणाऱ्यांना सांगतो, चेहरा सोडा आणि पाय बघा.

पण याच हजरत उसामांचा दुसरा प्रसंगही हदीसमध्ये आहे आणि तो आपण कमी सांगतो. एका लढाईत शत्रूपक्षाच्या माणसाने कलमा उच्चारला, तरी उसामांनी त्याच्यावर वार केला. ते म्हणाले, तो शस्त्राच्या भीतीने बोलला. म्हणजे त्यांनी त्याला वाचले होते. प्रेषितांनी (स.) त्यांना विचारले, की तू त्याचे हृदय फाडून पाहिले होतेस का? हा प्रश्न ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. शेवटी उसामांना वाटू लागले, की आपण आजच इस्लाम स्वीकारला असता तर बरे झाले असते, म्हणजे ही चूक नावावर राहिली नसती.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवा. पहिल्यात शरीर वाचून एका माणसावरचा बोल दूर झाला. दुसऱ्यात मन वाचल्याच्या भरवशावर एकाचा जीव गेला. पाय बघून नाते ओळखणे वेगळे आणि तोंड बघून नियत ठरवणे वेगळे. पहिले निरीक्षण आहे, दुसरी बदगुमानी. कुरआनने अति संशयापासून आणि टेहळणीपासून दूर राहायला सांगितले आहे, ते एकाच आयतीत, लागोपाठ.

कुणी म्हणेल, 'सर, आई पोराचा चेहरा बघून ओळखतेच ना?' ओळखते. वीस वर्षे शिकवणाऱ्यालाही वर्गातले काही कळते. मी ते नाकारत नाही. पण आई ओळखते ते 'आज काहीतरी बिनसलंय' एवढेच. मग ती विचारते, जवळ घेते, जेवायला वाढते. ती निकाल देत नाही. खुणेने प्रश्न सुचावा, उत्तर नाही. मुलगा अस्वस्थ दिसला तर त्याला बाजूला घेऊन 'काय झालं बाळा?' विचारावे. पैसे गेले असतील तर कोण वर्गात होते, कधी होते, हे शोधावे. परीक्षेत कॉपी वाटली तर बाकाखाली चिठ्ठी आहे का बघावे, घाम बघू नये. नाक्यावर कागद तपासावेत, कपाळ तपासू नये.

आणि हे आपल्यालाही लागू आहे. नमाजात कोण रडला, कोण रडला नाही यावरून इमान मोजणारे, मुलगी लाजली नाही म्हणून तिला आगाऊ ठरवणारे, मय्यतीला कुणाच्या डोळ्यात पाणी नव्हते ते आठवडाभर सांगणारे आपल्याच मोहल्ल्यात आहेत. पोलिसाने आपल्या पोराचा चेहरा वाचू नये असे वाटत असेल, तर आपणही शेजारणीचा वाचू नये.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ म्हटले आणि तेव्हापासून पैसे लावणारा प्रत्येक जण 'हे कौशल्य आहे' असे म्हणत आला. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला हा मान नाकारला. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने तर पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना कौशल्य की नशीब हा भेदच ठेवला नाही. तेव्हा समोरच्याला वाचता येते या भरवशावर पगार लावू नकोस. टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला हेच वाटत असते, की वाचणारा मी आणि वाचला जाणारा दुसरा.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्याच्या हाताखाली आता सहा कामगार आहेत. एखादे हत्यार हरवले तर तो त्यांच्या तोंडाकडे बघेल की स्टोअरच्या रजिस्टरकडे, यावर कुणाची तरी रोजीरोटी ठरणार आहे.